शिवलेली पानं

पाचव्या दिवशी पाणी यायचं, तेही रात्री दीड-दोनला.
तोवर जागायचं कसं, यावर पप्पांचा तोडगा म्हणजे ते पुस्तक.
कव्हर नाही, पाठीला खाकी चिकटपट्टी;
मिशन दवाखान्यातल्या मॅडमची बदली झाली तेव्हा
रद्दीत न घालता त्यांनी ते पप्पांच्या सायकलला अडकवलं होतं.

पुस्तक इंग्रजी. पप्पा वाचायचे मराठीत,
मध्येच थांबून, डोळे मिटून,
लूमवर तुटलेला धागा चाचपावा तसा शब्द चाचपत.
ड्रॅगनला त्यांनी आधी अजगर केलं, मग पंखवाली सुसर,
शेवटी आमोस म्हणाला, ड्रॅगनच राहू द्या पप्पा,
सारखं नाव बदललं की तो चिडतो.

बर्फ पडला त्या रात्री पंचाईत झाली.
मे महिना, गच्चीचा कठडा अजून तव्यासारखा,
ओल्या चादरी अंगावरच वाळत होत्या.
'रसवंतीवाल्याकडे भुश्शात गुंडाळलेली लादी बघितलीय ना?
ती कुणीतरी आभाळभर फोडलीय.'
आमोसनं तोंड उघडून जीभ बाहेर काढली.

नामी आत्या रिकाम्या पिंपावर बसून पहारा करायची.
पिंप रिकामं, त्यामुळे तिचा हुंकारही घुमायचा.
'जादूटोणा नाही ना रे त्यात?'
'अक्का, आपल्या शास्त्रात गाढवी बोलते.
माणूस माशाच्या पोटात तीन दिवस काढतो.'
'ते खरं आहे.'
'खरंच आहे. पण ते ऐकायला कान रुंद लागतात.
मी पोरांचे कानच रुंद करतोय.'
आत्या गप्प. पण पिंपावरून उठली नाही.

मग एका रात्री पुस्तक आलं ते मधली आठ पानं शिवून.
टॉवेलच्या किनारीचा निळा दोरा, जवळजवळ टाके,
कारखान्यात गठ्ठ्याचं तोंड शिवतात तसे.
'इथलं नको,' एवढंच म्हणाले,
आणि पुढच्या पानावर राणीचा मुलगा
एकटाच घोड्यावर, डोंगरापलीकडच्या राजाला शोधत.
आत्या खूश. रविवारी उपासनेनंतर पाळकांना सांगत होती,
'माझ्या भावानं चेटकीण शिवून टाकली.'

मी सातवीत. हातात अर्धं ब्लेड, मांडीवर डिक्शनरी,
जिन्यात आमोस राखण.
चेटकीण नव्हतीच.
एक खोली होती, खिडकीशी खाट, खाटेवर राणी,
आणि मुलगा गुडघ्यांवर.
तो मागतो. दुसऱ्या दिवशीही मागतो.
आठ पानं मागत राहतो,
आठव्या पानावर खाट रिकामी.
डिक्शनरीत बघावे लागले असे शब्द फार नव्हते.

मम्मीला सिव्हिलमध्ये नेलं त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं.
तिची खाट पप्पांनी गच्चीवर आणून टाकली होती.
आम्ही तिच्यावरच बसून ऐकायचो सगळं.

टाके मी पुन्हा घातले, त्याच भोकांतून.
दोरा पुरला नाही; शेवटचे दोन पांढरे.
तिरके आले, असं आमोस अजून म्हणतो.

पुढच्या पाचव्या दिवशी पप्पांनी पुस्तक उघडलं.
अंगठा निळ्यावरून सरकत गेला, पांढऱ्यावर थांबला.
ते माझ्याकडे बघतील म्हणून मी आभाळात बघत राहिले.
खाली कुठंतरी रात्रपाळीचे माग खटखटत होते.
त्यांनी घसा साफ केला. घोडा, मुलगा, डोंगर,
आवाज नेहमीसारखा, फक्त
'आई' हा शब्द जिथं यायचा
तिथं त्यांनी पहिल्यांदाच तो आईच म्हणून वाचला,
वगळला नाही.

तेवढ्यात नळ खाकरला.
आधी नुसती हवा, मग लालसर गढूळ, मग पाणी.
आत्या पिंपावरून उतरली, म्हणाली, 'राजा भेटला का नाही, ते सांगून तरी ऊठ.'
पप्पांनी पानात बोट तसंच ठेवलं.
'हंडे लावा आधी,' म्हणाले,
'राजा कुठं जात नाही.'