बुडकुली

जुन्या सीबीएसजवळ, कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून
आम्ही सातजण टायपिंगची टेबलं टाकून बसतो.
माझं तिसरं. निळी छत्री.
वारस दाखला, नावातला बदल, हरवलेली गुणपत्रिका.
पानाला तीस, घाई असली तर चाळीस.

द्राक्षं उतरल्यावर एका सोमवारी मंजुळा भोये आली.
पेठकडची. टॉवेलात काहीतरी गुंडाळलेलं,
मला वाटलं देव आहे.
उलगडलं तर
औषधाच्या कॅनचा कापलेला गळा,
काठाला सायकलच्या ट्यूबची ओठासारखी वळी,
तळाला नळी, नळीवर सलाईनचं चाक.

"घड बुडवायचा न् वर काढायचा.
ट्यूब पुसून घेती, थेंब माघारी आत.
औषध वाचतं. कातडी बी."
आणि तिनं हात पुढे केले.
ते कुठल्या रकान्यात घालायचे
मला कळलं नाही.

पेटंट हा शब्द तिला मुकादमाच्या पोरानं दिला होता,
सुट्टे पैसे द्यावेत तसा, न मोजता.
मी दातीर मॅडमना फोन लावला, स्पीकरवर.
त्या म्हणाल्या, आधी सांगा, ही वस्तू आहे की रीत?
शेतीची नुसती रीत असेल तर कायदा हात वर करतो.
वस्तू असेल तर दावे लिहा.
इंग्रजीत, नाहीतर हिंदीत. मराठी चालत नाही.

माझ्या मशीनवर इंग्रजी नाही.
हिंदी घेतली.
ओठासारखी वळी झाली *लचीला वलयाकार घटक*.
घड झाला *फलगुच्छ*.
बुडकुली झाली *द्रवधारक पात्र*.
वाचून दाखवलं.
मयताच्या घरी पोथी ऐकावी तसं तिनं ऐकलं
आणि विचारलं,
"हे कुणाचं हाय?"

मॅडमचा पुढचा प्रश्न: आधी कुणाला दाखवलंय?
मंजुळाचा चेहरा पहिल्यांदा उजळला.
दाखवलं की! जानोरीत, मोहाडीत,
वणीच्या टोळीला तर कापून दिली चार.
डोंगरे मैदानावर प्रदर्शन होतं,
मालकाच्या स्टॉलवर दिवसभर
बादलीत बुडवून दाखवली. लोकांनी व्हिडिओ काढले.

फोनमध्ये कुकरची एक शिट्टी गेली.
मग नवीन उरलं नाही, मॅडम म्हणाल्या.
सरकारनं नेमून दिलेलं प्रदर्शन असतं
तर वर्षाची सवलत होती.
या प्रदर्शनात पाणीपुरीचाही स्टॉल होता,
ते मला आठवत होतं. मी बोललो नाही.

"म्हंजे लपवायची होती?
शेजारच्या वेलीला सखू उघड्या हातानं बुडवती,
बोटं उकललीत तिची,
न् मी पदराखाली झाकून उभी ऱ्हाऊ? किती दिवस?"

अर्ज जाईपर्यंत, मी म्हणालो,
आणि फीचा आकडा सांगितला.
तपासणीची वेगळी, तीही सांगितली.
ती ओठ हलवत मोजू लागली. रुपये नाही, एकर.

वारा आला. कागद उडाले नाहीत.
सायकलच्या आरीचा एक चिमटा मी वाकवलाय,
बारा वर्षं झाली.
आता साती टेबलांवर तो आहे,
आणि पाचव्या टेबलावरचा आव्हाड
गिऱ्हाइकांना सांगतो, माझी आयडिया.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, थांबा.
ते चाक. ते कधीचं?
"परवाचं. सासूला सिव्हिलला सलाईन लावलं होतं,
तिथं फिरवून पाह्यलं, न् मनात आलं."
कुणी पाहिलंय?
मंजुळानं भिंतीकडे पाहिलं, रस्त्याकडे, आव्हाडकडे.
अंगठा हळूच चाकावर ठेवला.
मग माझ्याकडे पाहिलं.
"भाऊ, तुम्ही."

मी चष्मा काढला,
फडक्यानं पुसत बसलो बराच वेळ.
मला त्याच्याशिवाय काही दिसत नाही.