बाराला एक

बाराला एक.
म्हणजे एक वीत चढायचं तर बारा विती पुढे जायचं.
कुरियन फोरमनने सिमेंटच्या गोणीवर
खिळ्याने रेघ ओढून दाखवलं होतं.
मी म्हटलं, तीन पायऱ्यांसाठी एवढा लांब उतार?
तो म्हणाला, पायऱ्या तुला-मला आहेत, यशवंत.
मी मान हलवली.
मजुरी काही बदलणार नव्हती.

सोहारच्या सेवा केंद्राचं दार.
जुलै. समुद्रावरून खारी वाफ,
पाणसळीतला बुडबुडासुद्धा गरम.
उतार झाला, कठडा झाला,
पिवळ्या उंचवट्यांच्या लाद्या बसवल्या,
न दिसणाऱ्यांनी तळपायाने वाचायच्या.
मी चप्पल काढून, डोळे मिटून चालून बघितलं.
चटका बसला, वाचायचं राहिलं.
टेकबहादुर पोट धरून हसला.

दाराशी शेवटच्या लादीला
दोन बोटं फरक राहिला.
मला दिसला होता. खोटं कशाला बोलू?
साडेबाराला उन्हातलं काम बंद, तसा कायदाच,
आणि बसवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता.
कुरियनने वर पायपुसणं अंथरलं.
दुसऱ्या दिवशी तपासणीच्या साहेबांनी
यंत्र उताराच्या मधोमध ठेवलं.
आकडा बरोबर आला. सही झाली.
पायपुसण्यावर अरबीत लिहिलं होतं: स्वागत.

आमच्याकडे उंबरठा पुजतात.
आई रोज सकाळी त्याला
दोन बोटं हळद, दोन बोटं कुंकू लावायची.
उंबरठा नाही ते घर म्हणजे
ओठ नाहीत ते तोंड, म्हणायची.
दोन बोटं किती उंच असतात
हे मला कुणी शिकवलं नाही.

मार्चमध्ये परांचीवरून पडलो.
पाय तीन ठिकाणी. मांडीपर्यंत प्लास्टर.
कार्डाची मुदत संपत आलेली,
आणि ठसा द्यायला बोट स्वतःच न्यावं लागतं.
टेकबहादुरने कुठूनशी खुर्ची आणली,
उजवं चाक कुरकुरणारी.

उतार चढताना, काय सांगू,
छाती फुलली माझी.
कुठे हिसका नाही, कुठे खड्डा नाही.
एकेक लादी ओळखीची.
मग दाराशी
खट्.

पुढची चाकं अडली. त्याने जोर लावला,
मी फाइलीसकट पुढे कलंडलो.
पायपुसणं कधीच झिजून गेलं होतं.
मागे एक म्हातारी, खुर्चीतच,
नातवाला काही बोलली.
तो हिंदीत म्हणाला, आजी सांगते, खुर्ची उलटी फिरवा.
मोठी चाकं आधी घ्या.
इथे सगळे तसेच जातात.

सगळे.
आठ महिने
दाराला पाठ करून.

मीही तसाच गेलो.
समोर माझा उतार रस्त्यापर्यंत पसरलेला,
कुणीही वाखाणावा असा.

आत खिडकी मात्र माझ्या छातीएवढीच होती.
अस्मा नावाच्या बाईंनी ठसे घेतले.
मी तक्रारीचा कागद मागितला.
अडचण? दोन बोटं.
दोन बोटं म्हणजे किती?
मी काचेवर बोटं आडवी ठेवली,
त्यांनी पट्टी लावली: साडेतीन सेंटिमीटर.
ठेकेदाराचं नाव, तारीख, सगळे रकाने भरले.
गवंड्याच्या नावाला रकाना नव्हता.
मी खाली समासात लिहिलं,
यशवंत पाष्टे, आणि पुढे मोबाइल नंबर.
बाईंनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा प्लास्टरकडे,
आणि शिक्का मारला.

खोलीवर टेकबहादुर म्हणाला,
आता करतील ते. अर्ज दिलास ना?
मी म्हटलं, करतील.
मग रात्री त्याला उठवलं.
शुक्रवारी केंद्र बंद असतं.
पहारेकऱ्याला विचारून ठेव.
तू माल कालव,
मी बसून लावतो.
बसल्यावरच दिसतं ते.

दोन बोटांना चोवीस बोटं.
अर्धं घमेलं पुरेल.