तीन ठोके

डाएटच्या प्रशिक्षणात एका बाईंनी सांगितलं,
प्रश्न विचारल्यावर शिक्षक एक सेकंदही थांबत नाहीत.
कुणीतरी वर्गावर्गात बसून, घड्याळ लावून मोजलंय म्हणे.
चहाच्या रांगेत मी म्हटलं, असतील कुणी. आपण नाही.

तरी मंगळवारी मोबाइल खडूच्या डब्यामागं ठेवला
आणि रात्री भाकऱ्या थापता थापता
पाचवी ब चा तास ऐकला.
एकोणीस वर्षांची नोकरी, आणि हा आवाज पहिल्यांदाच.
एकेचाळीस प्रश्न.
सव्वीसांची उत्तरं मीच दिली,
तेरांची पृथ्वीराज आडसुळेनं.
उरलेल्या दोन प्रश्नांच्या वेळी घंटा झाली.
तव्यावरची भाकरी करपली तेव्हा
मी विचारत होते, "कळलं ना सगळ्यांना?"
आणि वर्ग म्हणत होता, "व्हय बाईऽऽ",
हजेरी देतात त्याच सुरात.

आमच्या शाळेच्या भिंतीला लागून कारखाना आहे.
उद्यमनगरात तो नसलेली भिंत कुठून आणायची?
पलीकडं पॉवर प्रेस. धप्प.
मग श्वासभर थांबून, धप्प.
त्याच्याविरुद्ध मी महापालिकेत दोनदा अर्ज दिलाय.
आता त्याच्याच मापानं थांबायचं ठरवलं:
एक प्रश्न, तीन ठोके, तोंड बंद.

सोपं नाही हो.
पहिल्या ठोक्याला उत्तर माझ्याच दातांवर येऊन बसायचं.
दुसऱ्याला पृथ्वीराज बाकातून अर्धा उठलेला, "बाई मी, बाई मी."
तिसऱ्याला सगळा वर्ग माझ्याकडं बघायचा,
बाईंना चक्कर आली का म्हणून.
इंगवले सर व्हरांड्यात थबकले.
"वर्ग गप्प कसा? पोर्शन संपला की काय?"
दोन आठवडे हेच.
वहीत नावांपुढं रेघा ओढायच्या होत्या, कोण बोललं त्याच्या.
वही कोरी. मला वाटलं, प्रशिक्षणातलं प्रशिक्षणातच बरं.

मग दशांश आले.
फळ्यावर ०.५ आणि ०.४५. मोठं कोण?
धप्प.
"पंचेचाळीस," चौघं-पाचजण एकदम.
मी ना होय म्हटलं, ना नाही.
चेहरा कोरा ठेवणं फळा कोरा ठेवण्याइतकं सोपं नसतं.
धप्प.
पृथ्वीराजही म्हणाला पंचेचाळीस,
आणि माझ्याकडं बघून हात हळूच खाली घेतला.
धप्प.
खिडकीजवळच्या बाकावरून तहसीन मुजावर,
जिचा आवाज वर्षभर फक्त हजेरीपुरता,
उभी न राहताच म्हणाली,
"पॉइंट पाच जाड असतोय बाई."
जाड?
"पत्रा. पॉइंट पंचेचाळीसचा दाबताना फाटतोय, पप्पा म्हणतात."
आणि तिनं भिंतीकडं बोट केलं.
पप्पा तिथंच होते.
धप्प.

त्या दिवशी दशांश मी शिकवला नाही.
अर्धा तास पत्र्यावरच भांडत होती पोरं.

चाचणीत वर्गाची सरासरी दोन गुणांनी वाढली.
इंगवले सरांनी चष्मा कपाळावर नेऊन तक्ता पुन्हा पाहिला.
"एवढ्यासाठी एवढं?"
हो सर, एवढ्यासाठी. आणि हे दोन गुण
थांबण्याचेच की पत्र्याचे, तेही मला सांगता यायचं नाही.
सहा नावांपुढं अजून एकही रेघ नाही.
पृथ्वीराज रुसलाय,
पहिला हात वर करूनही पहिलं नाव येत नाही म्हणून.
त्याचं काय करायचं ते डाएटमध्ये सांगितलं नव्हतं.
तिसरा अर्ज लिहून ठेवलाय पर्समध्ये.
द्यायचा राहतोय.

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
भिंत मुकी.
मी प्रश्न विचारला आणि सवयीनं
पहिल्या ठोक्याची वाट बघत उभी राहिले.
तो येणार नव्हता हे लक्षात यायलाच वेळ गेला.
तेवढ्यात मागून कुणीतरी
मुठीनं बाक वाजवला, अगदी हलका.
मी मान वळवली नाही.
श्वासभर थांबून, दुसरा.