प्रतिपिंड

खोका सीबच्या कार्गोत अडकला, गुरुवारी दुपारी.
बाहेर सेहेचाळीस अंश.
कागदावर लिहिलेलं: ससा, रक्तजन्य, संशोधनासाठी,
आणि कस्टमचा पोरगा 'ससा'पाशीच थांबला.
शिक्का मारणारे साहेब घरी गेलेले.
खिडकीपलीकडून हर्णैचे इसाक मुकादम म्हणाले,
"बाई, बुकरा. पण आजचा बुकरा म्हणजे रविवार.
आत जिवंत काय नाय ना?"
मी म्हटलं, नाही.
जिना उतरताना वाटलं, हे आपण काय सांगून बसलो.

रविवारी उघडलं तर बर्फाच्या पिशव्या
उशाला घ्याव्यात इतक्या मऊ, कोमट.
मधोमध कुपी, करंगळीच्या पेराएवढी,
तळाशी शंभर मायक्रोलिटर.
एका शिंकेत उडून जाईल एवढा ऐवज,
किंमत अल खौदच्या माझ्या खोलीचं दीड महिन्याचं भाडं.
डॉक्टर बद्रिया म्हणाल्या, टाकून दे, नवी मागवू.
नवीला सहा आठवडे.
म्हटलं, एकदा विचारून तरी बघू तिला.

तिला जगात एकच जण ओळखता येतो:
एक हेलिकेज,
आरएनएच्या पिळात शिरून
गाठी उकलत पुढं सरकणारं प्रथिन.
त्याचीही फक्त शेपटाकडची पंधरा अक्षरं.
कुठल्याशा थंड देशात एका सशाला
ती टोचली, पुन्हा टोचली,
आणि त्याच्या रक्तानं ती पाठ केली.
सशाला कुणी विचारलं नाही.

आमचे अण्णा इचलकरंजीत वहिफणीला होते.
हजारो धागे, एकेक करून फणीतून ओढायचे.
गुंता झाला की म्हणायचे,
हिसका देऊ नको, गाठीलाही तोंड असतं, ते शोध.
हे प्रथिन दर पावलाला ऊर्जा मागतं.
अण्णा चहा मागायचे.

जेल पळवलं. मेम्ब्रेन दुधात बुडवली.
साय काढलेल्या दुधाची पावडर, पाच टक्के,
तोच डबा जो दर खेपेला बॅगेत कोंबून गावी नेते,
आणि आई शेजारणींना 'मस्कतचं दूध' म्हणून दाखवते.
इथं त्याचं काम रिकाम्या जागा अडवून बसणं,
म्हणजे अँटिबॉडी
उगाच कुणाच्याही गळ्यात पडू नये.
मग एकास हजार, चार अंशांना,
रात्रभर हलत्या पाळण्यात.

मराठीत हिला प्रतिपिंड म्हणतात,
हे मी इथं कुणाला सांगत नाही.

फेब्रुवारीत पंचगंगेच्या घाटावर दहावा होता.
मी इथं, दीड तास मागं,
फोन सेंट्रिफ्यूजला टेकवून.
भालू म्हणाला, कावळे आलेत गं, शिवत नाहीत.
आत्याने विचारलं, काय राहिलंय त्याचं?
काका म्हणाले, पोरीचं सगळं बघीन म्हणा.
भालूने तसं म्हटलं.
कुणीतरी हळूच म्हणालं, पोरगी यायची राहिली.
चित्र अडकलं.
परत आलं तेव्हा दर्भाचा कावळा करून उरकलेलं,
सगळे चपला शोधत होते.

आता कॅमेऱ्याच्या पेटीत अंधार.
पहिलं मिनिट, काही नाही.
दुसरं, काही नाही.
बद्रिया घड्याळाकडं बघून नमाजाला गेल्या.
चौथ्या मिनिटाला
सत्तरच्या जरा खाली एक रेघ,
पाटीवरची पुसायची राहिलेली असावी तशी.
आणि खाली पन्नासपाशी आणखी एक,
जिचं तिथं काही काम नव्हतं.
मोडलेला तुकडा असेल.
किंवा उन्हानं डोकं फिरून
भलत्यालाच मारलेली मिठी.

वहीत लिहिलं:
ओळख पटली. फिकट.
खालची रेघ कुणाची, माहीत नाही. पुन्हा करावं.

मुकादमांचा मेसेज, "बाई, वाचला का तुमचा ससा?"
त्यांना काय कळवावं ठरेना.
उरलेलं पाच-पाच मायक्रोलिटर वाटून
उणे वीसला ठेवलं, तारीख घातली.
भालूला फोन करायचा होता.
तिकडं एव्हाना साडेअकरा झाले असतील.