घाला

मस्कतच्या या भागाचं नाव घाला.
पहिल्यांदा पाटीवर वाचलं तेव्हा वाटलं
कुणीतरी काहीतरी घालायला सांगतंय.
भर घाला. खतपाणी घाला. लक्ष घाला.
अकरा वर्षं मी काहीच घातलं नाही,
नुसता राहिलो.

मग एका शुक्रवारी सकाळी
सगळ्यांचा असतो तो नकाशा उघडला,
ज्यात कुणीही काढावं, कुणीही खोडावं.
हमरस्ता होता. पेट्रोल पंप होता.
मोटारींच्या शोरूम नावानिशी होत्या.
त्यांच्या पाठीमागे, जिथे आम्ही चार हजार माणसं झोपतो,
तिथे राखाडी रंग.
एक रेघसुद्धा नाही.

आकाशातून काढलेल्या फोटोत छपरं दिसतात.
चार कोपऱ्यांवर चार टिचक्या, झाली इमारत.
माझी पहिली इमारत तिरकी आली.
रात्रीतून कुणीतरी ती सरळ करून गेलं,
टोपणनाव खेकडा, देश माहीत नाही,
एका भिंतीपुरता माझा शेजारी.

छपराखालचं फोटोला कळत नाही.
त्याला पायी जावं लागतं,
किंवा गनी परकारच्या टँकरमधून.
गनी मूळचा दाभोळचा, इथे गोडं पाणी वाटतो,
स्टिअरिंगवर कोपर टेकून सांगतो:
हे लिव. मशिदीच्या भिंतीला थंड पाण्याचे तीन नळ,
मधला बंद.
हे लिव. गाफाचं झाड,
खाली न्हावी बसतो, फक्त जुम्म्याला.
कुंपणाला भोक, माणूस जाईल, सायकल नाही.
वादीतला लाल-पांढरा खांब,
पाणी पांढऱ्यावर चढलं की गाडी घालू नये.
हे शेवटचं त्यानं दोनदा सांगितलं
आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

गल्लीचं नाव काय?
मलबारी म्हणतात टायर रोड,
बंगाली म्हणतात बडो पानी,
पठाण नुसतं मागे हात करतात.
नियम असा की जमिनीवर असेल तेच लिहायचं,
मनातलं नाही.
पाटी नव्हती.
रकाना रिकामा सोडला.

काळाने घातला तो दुसरा घाला
शाळेच्या पुस्तकात होता,
इथे तो पिवळा होता आणि मागे येताना पीं पीं करायचा.
दोन दिवसांत सहा नंबरचा कॅम्प गेला.
त्यातल्या चौदा नंबरच्या खोलीत
मी आणि विश्राम घाडी सात वर्षं राहिलो.
तुपाच्या डब्यात त्यानं कढीपत्ता लावला होता,
पाण्याचा हिशेब ठेवायचा त्याच्या, घरी पैसे पाठवल्यासारखा.
फोटो जुना आहे.
फोटोत छप्पर अजून आहे,
छपरावर निळं पिंप,
पिंपाची सावली.

जमिनीवर नाही ते नकाशात नको.
माहीत होतं.
तीन आठवडे खेकड्यालाही काही बोललो नाही.

मग गनी एका पोराला घेऊन आला,
परभणीकडचा, आठवडाही झाला नव्हता येऊन.
मोबाईल बघत बघत पोचला होता तो सहा नंबरला,
आणि दुपारी एक वाजता
बॅग घेऊन उभा राहिला होता मोकळ्या मैदानात,
फोनमध्ये इमारत, समोर खडी.
पाणी पीत म्हणाला, काका, बरोब्बर दाखवत होतं हो.

रात्री चार कोपरे निवडले.
खोडताना तो विचारतो, कशासाठी?
दोन-अडीचशे अक्षरं मावतील एवढी चौकट देतो.
मी तीन लिहिली.
पाडलं.

खाली गनी हॉर्न देतोय.
मिसफाहकडे नवीन नळ बसवलेत म्हणे.
किती, ते मोजून घालायचेत.