मोड

वडगावात आमच्या गच्चीवर सहा निळी पॅनेलं बसली,
त्याला आता दुसरा उन्हाळा.
तेव्हापासून भिंतीवरच्या घड्याळाला कोण विचारत नाही.
टाकीची सावली तुळशीपाशी सरकली
की मी मिक्सर काढते.
इडलीचं पीठ, चटणी, मग धुण्याचं मशीन,
मग मोटर, मग इस्त्री.
उद्याचे शर्ट आजच्या उन्हात कडक.

पूर्वी उद्यमबागच्या भट्टीपुढनं आलेला हा माणूस
उंबऱ्यात आधी बटणं मोजायचा, मग पोरं.
'बल्ब कुणी ठेवलाय चालू?'
आता रविवारी दुपारी रिकाम्या खोलीत पंखा फिरतो,
खाली मांजर पसरलेलं.
मी बोट दाखवलं तर म्हणतात,
'असू दे की. आपलंच हाय.'
आणि दिवस बुडाला की पुन्हा तोच चिक्कू.
सातनंतर टीव्हीसुद्धा
विचारल्याशिवाय लागत नाही.

संपदा मोबाईलवर आलेख बघते.
मला तळपायाखालची फरशी सांगते,
आज किती युनिट.

बिल कन्नडातनं येतं.
अक्षरं मला अर्धीच लागतात,
पलीकडच्या मागवाल्या शिवलीलाक्का वाचून देतात.
एकदा रकमेपाशी त्यांचं बोट अडलं.
आधी एक आडवी रेघ होती.
'छपाई चुकली नाही हो,' म्हणाल्या,
'ह्यावेळी तेच तुमचं देणं लागतात.'

त्यांच्या बोलीत मोड म्हणजे ढग.
नवी नवरी होते तेव्हा भिंतीवरनं हाक आली होती,
'मोड आग्याद री!'
मी म्हटलं, कुठलं, आत्ताच तर भिजत घातली मटकी.
सगळी गल्ली हसली होती.
आता येळ्ळूरच्या अंगानं जरा काळं दिसलं
की तो शब्द माझ्याच तोंडात आधी येतो,
मशीन अर्ध्या धुण्यावर असतं.

मग मार्चातली ती दुपार.
ऊन तापून पांढरं झालेलं, आणि लाईट गेली.
गल्लीतले माग एकदम गप्प.
आमचं घरही गप्प.
लाईन बंद तर पॅनेलंही बंद,
खांबावर चढलेल्या माणसाला झटका बसू नये म्हणून.
हे मला त्या दिवशी कळलं.
शिवलीलाक्का दारात आल्या,
'एवढं ऊन असून तुमच्यातबी नाही?'
'नाही.'
त्यांना हसू आवरेना. मग मलाही.
दोघी पायरीवर बसलो,
जुन्या बिलांनी वारा घेत,
खांबावरच्या पोराचे पाय बघत.
चप्पल त्यानं खाली काढून ठेवली होती.

लाईट आली.
एक माग लागला, मग दुसरा.
संपदा म्हणते, आपल्याला पुरून उरलेली वीज
लांब कुठं जात नाही,
आधी शेजारीच शिरते.
खरं-खोटं तिलाच ठाऊक.
मी मिक्सरपाशी गेले, हात बटणावर,
आणि तशीच उभी राहिले थोडी.
भिंतीपलीकडं धोटा धावत होता.
मांजर परत येऊन
पंख्याखाली पडलं.