प्रवाशांचं वजन

लहान विमानात वजन विचारावं लागतं.
मोठ्यात कुणी विचारत नाही, तिथं माणसं घाऊक असतात.
विमाननगरला, मिसळवाल्याच्या वरच्या मजल्यावरून
मी फोन लावते: सर, आपलं वजन?
पलीकडे पोट आत घेतल्याचा आवाज येतो.

मांजरीचे कुंजीर, चार लॉन्स, एक पेट्रोल पंप,
म्हणाले, ब्याण्णव लिहा.
मी एकशे चार लिहिलं. पायलटला खरं लागतं.
मग त्यांचे व्याही, त्यांचे सीए, सीएंचा मेहुणा,
आणि एक माजी नगरसेवक, ज्यांनी विचारलं,
वजन म्हणजे नक्की कसलं म्हणताय तुम्ही?

अंतिम सामना अहमदाबादला.
लोहगावची धावपट्टी वायुदलाची,
त्यांची विमानं उठायच्या आत आपण निघायचं.
पाच वीसचा स्लॉट, चुकला तर दुपार.
आणि तिकडे विमान उभं करायला जागा नाही,
देशभरची शेठ मंडळी उतरणार.
म्हणजे आठ जणांना सोडून ते
रिकामंच उदयपूरला जाणार,
रात्री रिकामंच न्यायला येणार.
या रिकाम्या फेऱ्यांचेही पैसे पडतात, हे मी
कुंजीरांना तीनदा समजावलं.
चौथ्यांदा तेच म्हणाले,
कळलं, वरातीतल्या घोड्याचं असतं तसं.

आदल्या रात्री साडेदहाला व्याह्यांचं काहीतरी बिनसलं.
कुंजीर म्हणाले, तुमचं कुणी असेल तर पाठवा,
खुर्ची कशाला नुसती उडवायची.

माझे वडील, अच्युत ढमढेरे,
खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त,
एकतीस वर्षं क्लबांच्या सामन्यांचे स्कोअरर.
दोन रंगांची पेनं, आणि एक खोडरबर
जो त्यांनी कधी वापरलेला नाही.
फोनवर आधी म्हणाले, उद्या गॅसवाला येणार आहे.
मग जरा वेळ काहीच नाही.
मग, त्रेपन्न. बुटांसकट.

पहाटे गेटपाशी सोडलं, स्कूटरवरून.
काखेत स्कोअरबुक, पिशवीत दशम्या.

रात्री पावणेतीनला परत आले.
आपण हरलो होतो,
नगर रस्ता लवकर निजला होता.
बाकीचे सात न बोलता गाड्यांत बसले.
वडिलांना मात्र राग आला होता.
एकतिसाव्या षटकात मोठ्या फलकावर
लेगबाय फलंदाजाच्या नावावर लावला,
दोन चेंडूंनंतर गुपचूप काढला.
लाखभर माणसं, आणि कुणी हूं की चूं नाही.

विमान कसं होतं?
लिहायला चांगलं. टेबल हलत नाही.
आणि कुंजीर?
ते सारखे आत जेवायला जायचे,
बाहेर आले की, काका, काय झालं?
मी वाचून दाखवायचो.
नंतर नंतर आत जाईनात.
माझ्या शेजारी बसून पानावरचे ठिपके बघत राहिले.
निर्धाव चेंडूचा एक मी काढू का, म्हणाले.
मग?
काढू दिला. चव्वेचाळिसाव्यात. जरा मोठा आलाय.

येताना त्यांनी ते पान मागितलं,
फ्रेम करून ऑफिसात लावायला.
दिलंत?
मूळ प्रत देत नसतात, म्हणाले वडील.
झेरॉक्स देईन. मंगळवारी.

होळकर पुलावर मी स्कूटर हळू केली.
मागून त्यांनी विचारलं,
तिकडे उदयपूरला ते दिवसभर एकटंच होतं का गं?
म्हटलं, पायलट होते की, दोघं.
मग ठीक, म्हणाले.
दोघं लागतातच. नाहीतर ताळा कुणाशी करायचा.